पाठ टाचणातलं नाव आणि मुलाच्या डोक्यातलं काम

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात आणि त्याच्या तोंडावर या सदराकडे शिक्षकांची पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली: प्रशिक्षणात ब्लूम, पियाजे, वायगॉट्स्की या अभ्यासकांचे सिद्धांत, सहा टोप्यांची विचार करण्याची रीत हे सगळं ऐकलं, टाचणात (तासिकेच्या लेखी आराखड्यात) लिहिलंही, पण वर्गात ते कुठे दिसत नाही. नागपूर शहर आणि जिल्ह्यातली सहा पत्रं थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत. उत्तरं देताना आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं आहे: या तासिकेत शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या डोक्याला नेमकं काय काम पडलं? सिद्धांताचं नाव टाचणात आहे की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

प्रश्न : माझ्याकडे सातवीचं विज्ञान आहे, पट ५२. टाचणात रोज ब्लूमच्या सहाही पायऱ्या (आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, नवनिर्मिती) दाखवायला सांगतात. आठवणे, समजणे इथपर्यंत येतो तोच घंटा होते. नवनिर्मितीसाठी मुलांना घरून तक्ता करून आणायला सांगतो. हे योग्य आहे का? (शिक्षक, हुडकेश्वर)

उत्तर : सर, रोज सहाही पायऱ्या चढायची गरज नाही. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९५६ मधलं वर्गीकरण परीक्षकांच्या गरजेतून निघालं. निरनिराळ्या महाविद्यालयांतल्या परीक्षकांना आपला प्रश्न नेमकं काय तपासतो हे एकमेकांना सांगण्यासाठी सामाईक भाषा हवी होती. एका तासिकेत तळापासून माथ्यापर्यंत जायचं, असं त्यात कुठे नव्हतं. २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांच्या गटाने त्यात दुरुस्ती केली. पायऱ्यांना क्रियापदांची रूपं मिळाली, नवनिर्मिती सर्वांत वर गेली आणि वर्गीकरणाला दुसरी बाजू जोडली गेली: ज्ञान कोणत्या जातीचं आहे? सुटी माहिती, संकल्पना, कृतीची रीत, की स्वतःच्या विचारावरची नजर? टाचणाच्या नमुन्यात ही दुसरी बाजू बहुधा नसते. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण मग आपण फक्त क्रियापदं मोजत बसतो.

आणि क्रियापद फसवं असतं. 'तुलना करा' हा प्रश्न वरच्या पायरीचा वाटतो. पण तुलनेचा तक्ता तुम्ही काल फळ्यावर लिहून दिला असेल, तर आज मूल फक्त आठवतं आहे. उलट 'यादी करा' म्हटलं की आपण तो प्रश्न खालचा धरतो, पण 'या शेतकऱ्याचं कुठे कुठे चुकलं त्याची यादी करा' यात विश्लेषण आहे. प्रश्नाची पायरी ठरते ती मुलाला त्याआधी काय सांगितलं गेलंय यावर.

आपल्याच भागातला विषय घेऊन पाहा. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागा बऱ्याच मुलांनी पाहिलेल्या असतात. झाडाला पाणी तोडून ताण दिला की त्याची वाढ थांबते, थोडी पानं गळतात, आणि नंतर पाणी मिळालं की फुलोरा येतो. आंबिया बहाराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत, फळं दिवाळीच्या सुमारास. मृग बहाराचा फुलोरा पाऊस पडल्यावर, फळं होळीच्या सुमारास. एवढी माहिती दहा मिनिटांत सांगून होते आणि ती सरळ सांगावी. ती मुलांकडून काढून घेण्यात वेळ घालवू नये.

आता प्रश्न. 'मृग बहाराची फुलं केव्हा येतात?' हे आठवणं. 'पाणी तोडण्याला ताण का म्हणतात, तुमच्या शब्दांत सांगा' हे समजणं. पुढचा प्रश्न असा ठेवा: 'एका शेतकऱ्याची विहीर एप्रिलमध्ये आटते. त्याने कोणता बहार धरावा?' याचं उत्तर माहितीत कुठेच लिहिलेलं नाही. आंबियाची फळं भर उन्हाळ्यात झाडावर असतात, त्यांना मे महिन्यात पाणी लागणार, म्हणून मृग, हे मुलाला स्वतः जुळवावं लागतं. त्यानंतर विश्लेषण: 'दोन बागांना सारखेच दिवस पाणी तोडलं. हलक्या जमिनीतली झाडं कोमेजली, भारी काळ्या जमिनीतली झाली नाहीत. का?' आणि मूल्यमापन: 'दोन्ही बहार घेतले तर उत्पन्न दुप्पट होईल, असं एक जण म्हणतो. पटतं का? झाडाच्या बाजूने विचार करून दोन कारणं द्या.'

विहिरीच्या प्रश्नावर वर्गातली निम्मी मुलं 'आंबिया' म्हणतील, कारण फुलोऱ्याच्या वेळी विहिरीला पाणी असतं एवढंच ती पाहतात. ही चूक होणार हे तुम्हाला आधी माहीत असलं पाहिजे. फळ्यावर बारा महिन्यांची पट्टी काढा, फळं झाडावर असण्याचा काळ रंगीत खडूने भरा, विहीर आटलेले महिने दुसऱ्या रंगाने. दोन्ही रंग जिथे एकावर एक येतात तिथे बोट ठेवायला सांगा. बाकीचं मुलं बोलतात.

घटकाला ६ तासिका असतील तर पहिल्या दोन माहिती आणि अर्थासाठी, तिसरी-चौथी नव्या परिस्थितीत वापरण्यासाठी, पाचवी कारणं शोधण्यासाठी आणि सहावी मत मांडून त्याला आधार देण्यासाठी, अशी वाटणी पुरते. प्रत्येक घटकात नवनिर्मिती यायलाच हवी असंही नाही. घरून आणलेला तक्ता ही नवनिर्मिती नव्हे. त्यातलं अक्षर ताईचं आणि चित्र स्टेशनरीच्या दुकानातलं असतं. 'पाणी कमी असलेल्या एका बागेसाठी वर्षभराचं पाण्याचं वेळापत्रक बनवा आणि प्रत्येक महिन्याचं कारण लिहा' हे काम वर्गात, चौघांच्या गटाला २० मिनिटं दिलं, तर ते खऱ्या अर्थाने नवं असतं.

पर्यवेक्षकांसाठी टाचणात सहा रकाने भरण्याऐवजी त्या तासिकेचे दोन मुख्य प्रश्न शब्दशः लिहा आणि प्रत्येकासमोर अपेक्षित चुकीचं उत्तर लिहा. तयारी किती झाली आहे, हे त्या दोन ओळींवरून रकान्यांपेक्षा जास्त कळतं.

प्रश्न : प्रश्न विचारला की तीच पाच-सहा मुलं हात वर करतात. बाकीची खाली बघतात. नाव घेऊन विचारलं तर घाबरतात. (शिक्षिका, आठवी, इंदोरा)

उत्तर : आधी घड्याळ लावून स्वतःला मोजा. प्रश्न संपल्यापासून तुम्ही कोणाचं नाव घेईपर्यंत किती वेळ जातो? मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत असल्याचं दिसलं. ते थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब झाली, जास्त मुलं आपणहून बोलू लागली आणि गप्प राहणं कमी झालं. तिने दोन थांबे सांगितले आहेत. पहिला प्रश्नानंतर, तो आपल्याला माहीत असतो. दुसरा मुलाच्या उत्तरानंतर, तो आपण नेहमी विसरतो. मूल एक वाक्य बोलून थांबलं की आपण लगेच 'शाब्बास' किंवा 'नाही' म्हणतो, आणि त्याचं दुसरं वाक्य, ज्यात 'कारण' असतं, तिथेच मरतं.

तीन सेकंद हे सोप्या प्रश्नासाठी. कारण विचारणाऱ्या प्रश्नाला ते पुरत नाहीत. त्यासाठी फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत वापरा: एकट्याने विचार, मग जोडीत, मग वर्गासमोर. आपल्याकडे ती फसते, कारण पहिला टप्पा गाळला जातो. 'शेजाऱ्याशी बोला' म्हटलं की हुशार मूल बोलतं आणि दुसरं मान डोलावतं. म्हणून पहिलं एक मिनिट पूर्ण शांतता आणि प्रत्येकाच्या वहीत पेन्सिलीने एक तरी ओळ. चुकली तरी चालेल, कोरी चालणार नाही. मग दोन मिनिटं जोडीत. त्यानंतर मुलाला स्वतःचं उत्तर विचारू नका, 'तुझ्या जोडीदाराने काय म्हटलं?' असं विचारा. ऐकावंच लागतं, आणि चूक झाली तर ती एकट्याच्या माथी येत नाही. घाबरणारी मुलं इथे तोंड उघडतात.

एका बाकावर तिघं बसत असतील तर जोड्या बाकाप्रमाणे पाडू नका. पुढच्या बाकावरच्याने मागे वळायचं, असे सहाचे गट होतात आणि त्यातून तीन जोड्या. हे पहिल्या दिवशी पाच मिनिटं नुसतं करून घ्या, विषयाशिवाय. नाहीतर प्रत्येक वेळी बाकं सरकवण्यातच दोन मिनिटं जातात.

हात वर करणं काही तासांपुरतं बंदच करा. हजेरी क्रमांक लिहिलेल्या आइस्क्रीमच्या काड्या एका डब्यात ठेवा आणि प्रश्न विचारून, थांबून, मग काडी काढा. क्रम उलटा झाला, म्हणजे नाव आधी आणि प्रश्न नंतर, तर बाकीचा वर्ग त्या क्षणी सुटला. काडी काढल्यावर ती परत डब्यात टाका, नाहीतर एकदा बोललेलं मूल उरलेला तास मोकळं होतं. वर्ग मोठा असेल तर पाट्यांना तोड नाही. सगळे लिहितात, 'तीन' म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. पंचेचाळीस उत्तरं तुम्ही दहा सेकंदांत वाचता. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला असला तरी तुमच्यासमोर जितकी बसली आहेत तितक्यांनाच शिकवायचं असतं, आणि पाटी त्यात खरी मदत करते.

प्रश्न : एका खासगी क्लासमध्ये माझ्या मुलाची चाचणी घेतली. तो 'पाहून शिकणारा' आहे, त्याला वाचन-ऐकणं जमणार नाही, व्हिडिओच हवेत, असं सांगितलं. शाळेत तसं सांगू का? (पालक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : नका सांगू, ताई. प्रत्येक मुलाची शिकण्याची एक ठरावीक शैली असते आणि त्याच शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं, या दाव्याची पाश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कसून तपासणी केली. असं शिकवणं लावायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांना आवड असते, हे खरं. पण आवड वेगळी आणि त्यामुळे जास्त लक्षात राहणं वेगळं. पद्धत ठरते ती विषयाप्रमाणे: नकाशा पाहूनच शिकायचा, कवितेची चाल ऐकूनच, आणि कोनमापक हातात घेऊनच. शब्दांना योग्य चित्राची जोड दिली तर ती सगळ्याच मुलांना उपयोगी पडते. तुमच्या मुलावर 'वाचन जमणार नाही' हा शिक्का बसू देऊ नका. रोज १५ मिनिटं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि वाचलेलं पुस्तक मिटून त्याच्या शब्दांत सांगायला लावा.

प्रश्न : मी बी.एड. करते. सराव पाठात पाचवीला दशांश अपूर्णांक ज्ञानरचनावादी पद्धतीने घेतले. गटांना साहित्य दिलं, काहीच सांगितलं नाही, नियम त्यांनीच शोधावा म्हणून थांबले. गोंधळ झाला, नियम कोणालाच सापडला नाही. निरीक्षक म्हणाले, पद्धत बरोबर होती, तुम्हाला जमली नाही. माझं कुठे चुकलं? (विद्यार्थिनी-शिक्षिका, महाल)

उत्तर : तुमची मेहनत चुकली नाही, समज चुकली, आणि ती तुम्हाला तशीच दिली गेली असणार. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर 'ज्ञानरचनावाद' हा शब्द आपल्या शाळांत घरोघरी झाला, पण तो 'शिक्षकाने गप्प बसायचं' या अर्थाने. मूळ म्हणणं असं आहे की मूल नवी गोष्ट आपल्या जुन्या समजुतीला जोडूनच घेतं, शिक्षकाने सांगितली तरी आणि स्वतः शोधली तरी. ज्ञान कसं बनतं, याविषयीचा तो विचार आहे. कसं शिकवायचं, हे त्यातून आपोआप ठरत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे जुनी समजूत शोधणं. दशांशात ती दोन प्रकारची असते. काही मुलं टिंबानंतरची संख्या पूर्णांकासारखी वाचतात: ०.४५ हा ०.७ पेक्षा मोठा, कारण ४५ हे ७ पेक्षा मोठे. काहींची चूक उलटी असते: शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे अर्धवट कळलेलं असतं, म्हणून टिंबानंतर अंक जास्त तर संख्या लहान. आता पाहा, ०.७ आणि ०.४५ ही जोडी दिली तर दुसऱ्या प्रकारचं मूल बरोबर उत्तर देतं. ०.३ आणि ०.४५ दिली तर पहिल्या प्रकारचं मूल बरोबर येतं. एकच जोडी विचारणारा शिक्षक वर्गातल्या कित्येकांना 'समजलं' असं धरून पुढे जातो. दोन्ही जोड्या पाटीवर विचारा. पाच मिनिटांत वर्ग तीन गटांत आपोआप दिसतो: दोन्हीत बरोबर, फक्त पहिलीत बरोबर, फक्त दुसरीत बरोबर.

मग साहित्य. जेरोम ब्रूनर यांनी सांगितलेला क्रम इथे फार उपयोगी आहे: आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने. चौकटीच्या वहीत १० बाय १० चा चौरस आखा, म्हणजे १०० घरं. एक उभी रांग म्हणजे ०.१, एक घर म्हणजे ०.०१. एका चौरसात ०.७ रंगवा, दुसऱ्यात ०.४५. सत्तर घरं आणि पंचेचाळीस घरं समोरासमोर आली की वाद मिटतो. रंगवताना चुकीची एकच जागा असते: ०.४५ साठी मुलं ४५ रांगा शोधतात. त्यांना '४ रांगा आणि वर ५ घरं' असं एकदा स्वतः करून दाखवा. रुपये-पैशांचं उदाहरण मात्र पहिल्याच दिवशी घेऊ नका. ७.५ रुपये मुलं 'सात रुपये पाच पैसे' असं वाचतात आणि आपण ज्या चुकीशी लढतोय तीच पक्की होते. मीटरची पट्टी बरी: ०.७ मीटर म्हणजे ७० सेंटिमीटर, पट्टीवर बोट ठेवून दाखवता येतं.

यानंतर सोडवलेली उदाहरणं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलं की नवशिक्याला कोरं उदाहरण सोडवायला दिलं तर त्याची सगळी ताकद वाट शोधण्यातच खर्च होते आणि शिकायला काही उरत नाही. एका वेळी डोक्यात नव्या गोष्टी चारेकच मावतात. तुमच्या गटांना साहित्य नवं होतं, प्रश्न नवा होता, गटात बसणं नवं होतं आणि बाईही नव्या होत्या. नियमाला जागाच नव्हती.

३५ मिनिटं अशी वाटा. निदानाच्या दोन जोड्या, ५ मिनिटं. चौरस रंगवणं, ८ मिनिटं. फळ्यावर दोन उदाहरणं, मोठ्याने विचार करत, 'मी आधी दशांशाची जागा पाहते, ती सारखी असेल तरच पुढे जाते' असं बोलत, ७ मिनिटं. मग दोन अर्धी सोडवलेली उदाहरणं, शेवटची पायरी मुलांनी भरायची, आणि दोन पूर्ण मुलांनी करायची, १० मिनिटं. उरलेल्या ५ मिनिटांत एका चिठ्ठीवर एक प्रश्न, जाताना दारात द्यायची. त्या चिठ्ठ्यांचे दोन ढीग करायला घरी दहा मिनिटं लागतात आणि उद्याच्या तासाची सुरुवात त्यातून ठरते.

अर्धं सोडवलेलं उदाहरण ही वायगॉट्स्कींच्या विचाराची वर्गातली सर्वांत स्वस्त आवृत्ती आहे. मूल एकट्याने काय करतं आणि मदतीने काय करतं, यांच्यामधली जागा म्हणजे शिकवण्याची जागा, असं ते सांगत. ते १९३४ मध्ये वारले. या मदतीला इमारतीच्या परांचीची उपमा नंतर, १९७६ मध्ये, वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी दिली. उपमेतला महत्त्वाचा भाग हा की परांची काढायची असते. गाईड हातात दिलेल्या मुलाची परांची कधीच निघत नाही. म्हणून चार उदाहरणांत मदत कमी होत गेली पाहिजे, आणि ज्याला पहिल्याच दोन जोड्या बरोबर आल्या त्याला सोडवलेली उदाहरणं न देता सरळ अवघड प्रश्न द्या. त्याच्यासाठी तीच मदत अडथळा ठरते.

आणि 'हाताने करून शिकणं' म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणं नव्हे, हे आपल्या शेजारच्या वर्ध्याने फार आधी दाखवलं आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, पुढे आली. त्यानंतर झाकीर हुसेन समितीने सूतकताईसारख्या कामाचाही इयत्तावार अभ्यासक्रम आखून दिला होता. हातात टकळी होती आणि काय, कोणत्या क्रमाने शिकायचं हेही ठरलेलं होतं.

प्रश्न : नववीत 'सहा विचार टोप्या' घेतल्या. सहा मुलांना सहा रंगांच्या कागदी टोप्या दिल्या. नाटक छान झालं, चर्चा झाली नाही. (मुख्याध्यापिका, कामठी)

उत्तर : सहा जणांना सहा टोप्या, ही नेहमीची चूक आहे. एडवर्ड डी बोनो यांनी १९८५ मध्ये ही रीत मांडली ती नेमकी याच्या उलट कारणासाठी: सगळ्यांनी एका वेळी एकाच दिशेने विचार करावा म्हणून. काळी टोपी मिळालेली मुलगी तासभर फक्त विरोध करत राहिली तर ती भूमिका करते आहे, विचार करत नाही. कागदी टोप्या लागतच नाहीत. फळ्याच्या कोपऱ्यात त्या रंगाच्या खडूने गोल काढला की पुरे. काळ्या टोपीसाठी 'काळी' एवढा शब्द लिहा.

विषय माहितीचा आणि खऱ्या मतभेदाचा हवा. उदाहरणार्थ, 'आपल्या वस्तीजवळ नाग नदीच्या काठाने पायवाट आणि बसायची जागा करावी का?' निळी टोपी २ मिनिटं, प्रश्न नक्की करायला. पांढरी ८ मिनिटं, फक्त माहिती: नदी शहराच्या पश्चिमेला उगम पावते, अंबाझरी तलावाकडून शहरात येते, पुढे तिचं पाणी कन्हान आणि वैनगंगेत जातं आणि वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. लाल २ मिनिटं, पाटीवर एका शब्दात भावना, कारण विचारायचं नाही. पिवळी ५, फायदे; काळी ६, धोके; हिरवी ८, नवे पर्याय; आणि निळी पुन्हा ४, समारोपाला. बरोबर ३५ होतात.

पांढरी टोपी रिकामी राहिली तर पुढच्या सगळ्या रिकाम्या राहतात. म्हणून आदल्या दिवशी अर्ध्या पानाची माहिती वाचायला द्या. आमच्या मते ही रीत महिन्यातून एकदा पुरे. विचार करण्याची रीत शिकवली की विषयाचं ज्ञान नसलं तरी चालतं, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. पुराबद्दल काहीच माहीत नसलेलं मूल काळी टोपी घालून फक्त 'धोका आहे' एवढंच म्हणू शकतं.

प्रश्न : दहावीचा धडा नीट समजतो, मुलं प्रश्नांची उत्तरंही देतात. पंधरा दिवसांनी घटक चाचणीत कोरं. उजळणी किती घ्यावी? (शिक्षक, सावनेर)

उत्तर : उजळणी जास्त नको, वेगळी हवी. पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि 'मला येतं' असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं, लिहिणारे पुढे गेले. तुम्ही धड्याच्या शेवटी जे पाहता ते पाच मिनिटांनंतरचं चित्र आहे. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. म्हणून पहिलं आठवणं दुसऱ्याच दिवशी यायला हवं.

तासाच्या सुरुवातीला फळ्यावर चार प्रश्न तयार ठेवा: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा, एक नववीचा. मुलं वहीच्या मागच्या पानावर लिहितात, ४ मिनिटं. मग २ मिनिटं उत्तरं, प्रत्येकाने स्वतःचं तपासायचं. गुण द्यायचे नाहीत आणि नोंदवहीत घ्यायचे नाहीत. गुण लागले की शेजाऱ्याचं पाहणं सुरू होतं आणि आठवणं थांबतं. उत्तर सांगायला विसरू नका, नाहीतर चूक पक्की होते. वही उघडू देऊ नका, अगदी 'फक्त एक नजर, सर' म्हटलं तरी.

चारांपैकी तीन बऱ्याच मुलांना आले पाहिजेत. कोणालाच काही आठवत नसेल तर प्रश्न लांबचा झाला, अंतर कमी करा. सगळ्यांना सगळं येत असेल तर अंतर वाढवा. प्रश्न फक्त व्याख्यांचे नकोत. 'अभिक्रियेत रंग बदलला, यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही?' असा एक ठेवा. धड्यांचे प्रश्न मिसळूनच द्या. एकाच प्रकारची दहा गणितं सलग दिली तर रीत कोणती वापरायची हे मुलाला ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवावं लागतं.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा यासाठी राखून ठेवा. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी नवा धडा न घेता नववीचे दहा प्रश्न द्या. ज्या तीन प्रश्नांवर सर्वांत जास्त पानं कोरी राहतील, ते जुलैभर रोजच्या चारांमध्ये आलटूनपालटून फिरवा.